टाटा 407 चं जुनं इंजिन स्वतः कसं उतरवायचं (खाऱ्या हवेतल्या गंजक्या गाडीवाल्यांसाठी)

इंजिन उतरवायचं म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर पहिली चेनपुली येते, वर लटकलेलं इंजिन आणि बाजूला चार जण सावकाश सावकाश म्हणून ओरडतायत. खरं सांगू का, उचलायचं काम सगळ्यात छोटं आहे. वेळ जातो तो बोल्टात. घाटावरची गाडी आणि मिरकरवाड्याला नाहीतर हर्णैला मासळी भरणारी गाडी एकाच सालातली असली तरी पाना लावला की फरक कळतो, कारण आपल्याकडे कोकणात बर्फ वितळलेलं खारं पाणी हौद्याच्या फळ्यांमधून थेट चेसीवर गळत असतं, वर समुद्राची हवा आहेच. त्यामुळे इंटरनेटवर कुठेतरी कोरड्या भागातला माणूस दुपारपर्यंत इंजिन बाहेर काढून दाखवतो ते बघून आपण हिशोब धरायचा नाही. आपल्याकडचा हिशोब वेगळा, बोल्टाला तेल पाजायला आधी दोन-तीन दिवस, सोडवायला दोन दिवस, आणि उचलायला चहा थंड होईपर्यंतचा वेळ.

हे सगळं मी जुन्या बॉनेटवाल्या टाटा 407 ला धरून लिहितोय, म्हणजे 1986 पासून रस्त्यावर आहेत त्यातल्या जुन्या मेकॅनिकल डिझेल पंपवाल्या. नवीन कॉमन रेल, सेन्सरवाली असेल तर वायरिंगचा भाग बराच वाढतो. मोठा ट्रक असेल तर पद्धत हीच पण वजन, बॅटरी आणि ब्रेक वेगळे, ते त्या त्या ठिकाणी सांगतो.

आधी कागद, मग पाना

कंटाळवाणं आहे पण हे आधीच बघा. आरसीवर चेसी नंबर असतो तसा इंजिन नंबर पण असतो. इंजिन बदललं म्हणजे आरसी आणि गाडी जुळत नाही. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 याच विषयावर आहे, बदल केल्यावर 14 दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची असते. एमएच 06 असेल तर पेण, 08 वाले रत्नागिरी, 07 वाले सिंधुदुर्ग. काम सुरू करायच्या आधीच एकदा जाऊन कुठला फॉर्म, काय काय कागद ते विचारून या. फायनान्सचा बोजा असेल तर त्यांचं पण पत्र मागतील. आणि इन्शुरन्सवाल्याला कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी हाच इंजिन नंबर आडवा येतो.

दुसरं इंजिन कुर्ल्याहून आणा नाहीतर घाट चढून कोल्हापूरहून आणा, पक्कं बिल घ्या. त्यावर इंजिन नंबर लिहिलेला पाहिजे आणि ब्लॉकवर ठोकलेला नंबर बिलाशी अक्षर न अक्षर जुळला पाहिजे. नंबरच्या जागी ग्राइंडर मारल्यासारखं गुळगुळीत दिसलं तर कितीही स्वस्त असो, हात लावू नका. आणि महत्त्वाचं, नवीन इंजिन दारात आल्याशिवाय जुनं उतरवू नका. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघता आली पाहिजेत, का ते पुढे येईल.

कधी आणि कुठे

मासळीवाल्यांना वेळ आयती आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, गाडी तशी पण उभीच. आंबेवाल्यांचं वाशीचं शेवटचं भाडं मेअखेरीला आटपतं. चिरेखाणी पण पावसात बंदच. म्हणजे सगळ्यांना वेळ मिळतो तो नेमका धो धो पावसात, आणि ऑगस्ट लागला की परत सगळ्यांना गाडी पाहिजे, पुढे गणपती. तेव्हा जूनच्या पहिल्या आठवड्यात बोल्टांना तेल मारायला लागा, जुलैच्या वीस तारखेला नको.

जागा छपराखालची पाहिजे आणि खाली कोबा किंवा काँक्रीट पाहिजे. आपल्या खळ्यातली तांबडी माती पावसात लोण्यासारखी होते, जॅक लावला की जॅक खाली जातो, गाडी तिथेच. काँक्रीट नसेल तर जाड लोखंडी प्लेट नाहीतर जाड फळ्या टाका. उतारावर तर अजिबात नको, कारण पुढे आपल्याला गाडी हाताने मागे ढकलायची आहे.

आता एक गोष्ट ठासून सांगतो. चिरा गाडीखाली टेकू म्हणून लावायचा नाही! घरात पडलेले असतात, हाताशी येतात, सगळे लावतात, माहीत आहे मला. जांभा दगड भिंतीत चांगला, तिथे वजन सगळीकडे सारखं पसरतं. गाडीचं वजन एका कोपऱ्यावर आलं की तो न सांगता फुटतो, त्यात पावसाचं पाणी प्यायलेला असेल तर अजूनच. टायरला अडवण म्हणून मागे-पुढे लावा ठीक आहे, पण चेसीखाली लोखंडी स्टँड नाहीतर जाड लाकडी ओंडके आडवे-उभे रचून. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही, पाच मिनिटांसाठी पण नाही.

तसंच आंब्याच्या नाहीतर फणसाच्या फांदीला चेनपुली बांधायची पण जुनी पद्धत आहे. फांदी आतून पोखरलेली आहे का ते बाहेरून दिसत नाही. घराच्या भालाला, म्हणजे छपराच्या आढ्याला बांधणं तर त्याहून वाईट, कौलं खाली येतील. चार-पाच इंची जाड पाइपची तिकाटी करून घ्या, पाय खाली साखळीने एकमेकांना बांधलेले, म्हणजे पसरणार नाहीत. किंवा घडीची इंजिन क्रेन भाड्याने मिळते का बघा, चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ इथल्या मोठ्या गॅरेजवाल्यांकडे एखादी असते. बंदरावर होड्यांची इंजिनं काढणाऱ्यांकडे चेनपुली हमखास असते आणि बंदीच्या काळात ती पण रिकामीच. वजन सगळं धरून 300 किलोच्या आसपास समजून चला, पण पुली 1 टनाच्या खालची नको, 2 टनाची मिळाली तर डोळे झाकून घ्या. हायड्रा (चाकांवरची क्रेन) बोलावलीत तर काम झटकन होतं, फक्त तो तासावर पैसे घेतो, त्यामुळे सगळं सुटलेलं असेल तेव्हाच बोलवा.

तेल पाजणं

पहिल्या दिवशी पाना हातात घ्यायचा नाही. गाडी सर्व्हिसिंगला नेऊन इंजिन आणि खालची चेसी प्रेशरने धुऊन आणा, चिखल आणि ग्रीसचा थर गेल्याशिवाय बोल्ट कुठला आणि माती कुठली तेच कळत नाही. धुताना डायनमो आणि सेल्फवर (स्टार्टर मोटरवर) प्लास्टिक बांधा.

मग वायरब्रशने बोल्टांची तोंडं साफ करा आणि गंज सुटायचा स्प्रे मारा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, दोन-तीन दिवस. मधे मधे बोल्टाच्या डोक्यावर हातोडीने टकटक, जोरात नाही, नुसता हादरा बसला पाहिजे म्हणजे तेल आट्यांमध्ये उतरतं. मुख्य गिऱ्हाइकं कोण तर सायलेन्सरच्या पाइपचे स्टड, इंजिन माउंटिंगचे बोल्ट, बेल हाउसिंगचे (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं घंटेसारखं कव्हर) खालचे बोल्ट, आणि रेडिएटरचे पाय.

सोडवताना बारा कोनी रिंग पान्यापेक्षा सहा कोनी गोटी (सॉकेट) लावा, गंजून बारीक झालेल्या डोक्यावर बारा कोनी घसरते आणि डोकं गोल करून टाकते. आधी किंचित आवळायच्या दिशेने द्या, कट असा आवाज आला की मग उलटा. सुटायला लागला की एकदम काढू नका, अर्धा फेरा सोडा, पाव फेरा परत आवळा, तेल मारा, परत सोडा. कुरकुर करत जड व्हायला लागला तर थांबा, तिथे जोर केला तर तो तुटणारच. आमच्या इथला म्हातारा फिटर मालवणकडचा, तो पोरांना एकच सांगतो, "घाय केलंस काय मेलंस." मॅनिफोल्डमध्ये (इंजिनाला सायलेन्सरचा पाइप जिथे जोडतो तो भाग) स्टड तुटून बसला की त्यावर नट वेल्डिंग करून काढणे, ड्रिल मारणे, आटे परत पाडणे, यात जो दिवस आणि पैसा जातो त्यात तेलाचे दहा स्प्रे येतात.

अगदीच हटला नाही तर गॅसने नट लाल करून सोडवतात, नट फुगतो आणि सुटतो. पण ते डिझेलच्या लाइनपासून लांब असेल तरच, आणि तिथे आधी तेलाचा स्प्रे मारलेला असेल तर तो पेट घेतो हे ध्यानात ठेवा. बाजूला वाळूची बादली. जिथे नटच बदलायचा आहे तिथे ग्राइंडरने नट उभा चिरला तर डोक्याला ताप नाही, बोल्ट पन्नास रुपयांचा असतो.

फोटो आणि पिशव्या

मोबाइलने फोटो काढा, खूप काढा, काढायच्या आधी आणि काढल्यावर. वायर कुठून कुठे जाते, कुठल्या क्लिपमध्ये अडकलेली आहे, पाइप वरून जातो का खालून. प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना मास्किंग टेप लावून मार्करने नाव लिहा. पावसात शाई पसरते म्हणून वरून सेलोटेप. बोल्ट जिथून काढला तिथेच परत दोन आटे लावून ठेवता आला तर सगळ्यात उत्तम, नाहीतर जाड प्लास्टिकच्या पिशव्या, एका भागाचे बोल्ट एका पिशवीत, आत चिठ्ठी. बेल हाउसिंगचे सगळे बोल्ट एका लांबीचे असतीलच असं नाही, पुठ्ठ्यावर गोल काढून त्या त्या भोकात खोचून ठेवा. ‘लक्षात राहील रे’ म्हणणारा पोरगा मदतीला असेल तर त्याच्या हातात पिशव्या देऊ नका.

इंजिन अजून चालत असेल तर उतरवायच्या आधी एकदा चालू करून बघून घ्या की डायनमो चार्जिंग करतोय का, ऑइल प्रेशर आणि टेंपरेचरचे काटे चालतायत का, क्लच घसरतोय का, गिअरबॉक्स आवाज करतोय का. नंतर नवीन इंजिनावर काटा हलला नाही तर दोष आधीपासूनचा का आपण वायर उलटी लावली हे कळायला दुसरा मार्ग नसतो.

आता सोडवायला घ्या

पहिली बॅटरी. निगेटिव्ह आधी, मग पॉझिटिव्ह, आणि बॅटरी उचलून लांब पडवीत नेऊन ठेवा. 407 ला 12 व्होल्टची एक, मोठ्या ट्रकला 24 व्होल्ट म्हणजे दोन जोडलेल्या. हवेच्या ब्रेकवाला मोठा ट्रक असेल तर टाक्यांमधली हवा सोडायच्या आधी टायरला अडवण लावा. आणि स्प्रिंगवाला पार्किंग ब्रेक असेल तर हवा गेल्यावर चाकं धरून बसतात, मग गाडी ढकलता येत नाही, त्याचा विचार आधी.

उजेडासाठी चार्जिंगची एलईडी बॅटरी वापरा. ओल्या जमिनीवर, गाडीखाली, घरातून वायर ओढून 230 व्होल्टचा बल्ब नको.

मग पाणी सोडा. रेडिएटरच्या खालचा कॉक आणि ब्लॉकच्या बाजूचा प्लग दोन्ही, नाहीतर ब्लॉकमधलं पाणी नंतर इंजिन वाकडं झाल्यावर तुमच्या अंगावर येतं. कूलंट असेल तर उघड्या घमेल्यात ठेवू नका, ते चवीला गोड असतं, कुत्री मांजरं चाटतात आणि मरतात. ऑइल शक्य असेल तर इंजिन थोडं गरम असताना सोडा, फिल्टर पण काढा. जळकं ऑइल पऱ्यात (ओढ्यात) नाहीतर गडग्यापलीकडे ओतायचं नाही, आपली विहीर त्याच पाण्यावर आहे. झाकणवाल्या कॅनमध्ये भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्याला द्या. कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी फासतात ते मला पटत नाही, पहिल्या पावसात धुऊन परत जमिनीतच जातं.

बॉनेट काढा, बिजागऱ्यांभोवती मार्करने रेघ मारून, म्हणजे परत लावताना गॅप जुळवत बसायला नको. मग पुढची जाळी, वरची आडवी पट्टी, लाइटच्या वायरी. रेडिएटरचे वरचे खालचे होज काढा. जुना होज पाइपला चिकटून बसतो, ओढू नका, रेडिएटरचं नळकांडं वाकतं नाहीतर फुटतं. ब्लेडने होज लांबीत चिरा आणि सोलून काढा, तसेही नवीनच घालायचे आहेत. रेडिएटर बाहेर काढला की तो उभा आणि लांब ठेवा, नंतर कोणाचा तरी पाय पडतोच. इथपर्यंत आलात की इंजिन बाहेर यायचा रस्ता दिसायला लागतो, कारण या गाडीचं इंजिन पुढूनच ओढून काढतात.

डिझेलची बाजू स्वच्छ हाताने करायची. टाकीकडून येणारी लाइन आणि परत जाणारी लाइन सोडवा आणि लगेच दोन्ही टोकांना बूच मारा, पंपाच्या तोंडाला पण. आत कचऱ्याचा कण गेला तर पंप आणि नोझलचं काम निघेल, ते इंजिन उतरवण्यापेक्षा महाग. बूच म्हणून चिंधी कोंबू नका, धागे आत जातात. बँजो बोल्टाचे (ज्या पोकळ बोल्टातून डिझेल जातं त्याचे) तांब्याचे वॉशर फेकून द्या, जोडताना नवीन.

मग ओळीने बाकीचं सोडवत जा, हवेच्या फिल्टरचा जाड पाइप, ॲक्सिलरेटरची लिंक किंवा केबल, इंजिन बंद करायची केबल, सेल्फच्या जाड आणि बारीक वायरी, डायनमोच्या वायरी, ऑइल प्रेशरची आणि टेंपरेचरची वायर, ब्रेकच्या व्हॅक्यूमचा पाइप, पॉवर स्टिअरिंग असेल तर त्याचा पंप. पंप पाइपसकट बाजूला बांधून ठेवता आला तर पाइप उघडूच नका. क्लचचा खालचा सिलिंडर पण तसाच, दोन बोल्ट काढून तारेने चेसीला टांगा, लाइन उघडली नाही म्हणजे हवा काढत बसायला नको. फक्त त्यानंतर कोणी क्लचच्या पेडलवर पाय देऊ नये म्हणून पेडलला चिठ्ठी लावा, पाय दिला की सिलिंडरमधला पिस्टन बाहेर उडतो. सायलेन्सरचा पाइप मॅनिफोल्डपासून वेगळा केला की तो तारेने वर बांधा, लोंबकळत ठेवू नका.

सेल्फ काढाच, तो बेल हाउसिंगमध्ये गेलेला असतो आणि इंजिन पुढे सरकताना आडवा येतो.

गिअरबॉक्स सोबत का वेगळा

यावर दोन पक्ष आहेत. एक म्हणतो दोन्ही एकत्र काढा, बाहेर आरामात वेगळं करा. माझं मत, घरच्या जागेत, दोन-तीन माणसांत, 407 ला गिअरबॉक्स गाडीतच ठेवावा. एकत्र काढलं तर वजन वाढतं, लांबी वाढते, शेपूट खाली करून फार वाकडं काढावं लागतं, वर प्रॉपेलर शाफ्ट, गिअरचा दांडा, स्पीडोमीटरची केबल एवढं अजून सोडवायचं. गिअरबॉक्सचं काम करायचंच असेल तर गोष्ट वेगळी.

गिअरबॉक्स ठेवायचा तर त्याच्याखाली जॅक आणि जॅकवर लाकडाची फळी, वजन हलकं पेलेल इतकाच. शिवाय एक आडवा पाइप चेसीवर टाकून साखळीने पण बांधा, कारण इंजिन गेल्यावर गिअरबॉक्सचं तोंड कोणाच्या आधारावर राहणार? बेल हाउसिंगचे वरचे बोल्ट सगळ्यात त्रासाचे, केबिनमधलं इंजिनावरचं कव्हर काढून आतून हात घाला, लांब एक्स्टेन्शन आणि वाकणारा जॉइंट लागेल. एक बोल्ट वर आणि एक खाली शेवटपर्यंत ढिला ठेवून द्या.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटमधून आरपार फ्लायव्हीलच्या बेअरिंगपर्यंत गेलेला असतो. इंजिन पुढे ओढताना ते सरळ रेषेत पुढे आलं पाहिजे, शाफ्ट पूर्ण बाहेर येईपर्यंत वर उचलायचं नाही, खाली टेकवायचं नाही. इंजिनाचं वजन त्या शाफ्टवर लटकलं की क्लच प्लेटची मधली चकती वाकते, तीच प्लेट परत घातलीत की क्लच सुटत नाही आणि मग सगळं परत उघडा. दोन्हीमधली फट चारी बाजूंनी सारखी आहे ना हे बघत राहा. चिकटलं असेल तर छिन्नी ठोकू नका, मऊ धातूवर चर पडतो. खाली-वर किंचित हलवा, जॅक एक-दोन दाते वर-खाली करा, आपोआप सुटतं. आणि तरीही सुटत नसेल तर एखादा बोल्ट राहिलाय. शोधा.

उचलणं

इंजिनाला उचलायच्या कड्या असतात, तिथेच शॅकल लावा. नसतील तर ब्लॉकच्या किंवा हेडच्या जाड बोल्टावर जाड पट्टी लावून. मॅनिफोल्डला, वरच्या झाकणाला, डायनमोच्या ब्रॅकेटला साखळी नको. बाजारातला नायलॉनचा दोर नको, होडीचा दोर कितीही मजबूत वाटला तरी नको, तो ताणतो आणि धारेवर कापला जातो. साखळीचे दोन पाय जितके पसरट तितका त्यांच्यावरचा ताण वाढतो, आडव्यापासून 30 अंशांवर आले की प्रत्येक पायावर अख्ख्या इंजिनाएवढा ताण येतो, म्हणून हुक उंच ठेवा आणि पाय उभट.

आधी पुलीने नुसता ताण घ्या, साखळी कडक झाली आणि गाडीचं तोंड अगदी किंचित वर आलं की मगच माउंटिंगचे बोल्ट काढायचे. आधी काढले तर इंजिन घसरून बसतं आणि बोटं मधे असतात. बोल्ट निघाले की थोडंसं उचला आणि थांबा. पुलीवरचा माणूस सोडून बाकीच्यांनी टॉर्च घेऊन चारी बाजूंनी बघा, काहीतरी अडकलेलं असतंच. बहुतेक वेळा ती इंजिन आणि चेसीमधली अर्थची पट्टी असते, कोपऱ्यात काळी पडलेली, कोणाला दिसत नाही.

मग वर सांगितलं तसं सरळ पुढे, शाफ्टमधून बाहेर. तिकाटीला चाकं नसतात, तेव्हा इंजिन जागेवर ठेवायचं आणि गाडी मागे ढकलायची, म्हणूनच सपाट जागा आधी बघायला सांगितली, गाडी न्यूट्रलला आहे ना ते पण बघा. त्यासाठी स्टँड काढून गाडी चाकांवर उतरवलेली पाहिजे, गिअरबॉक्सखालचा जॅक पण आता काढायचा, गिअरबॉक्स वरच्या आडव्या पाइपवर लटकलेला राहील. गाडी ढकलायला दोन माणसं आणि एक फक्त लाकडी ठोकळा घेऊन चाकाजवळ. बोलणारा एकच माणूस ठेवा, ‘थांब’ मात्र कोणीही म्हणावं. इंजिनाखाली हात, पाय, डोकं काही नाही. शेजारपाजारची पोरं बघायला जमतात त्यांना पडवीतच बसवा.

बाहेर आलं की लगेच खाली घ्या, वर लटकत ठेवून जेवायला जायचं नाही. खाली एकावर एक दोन जुने टायर ठेवा, इंजिन त्यात बसतं. चेंबर (इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी) पत्र्याचा असेल तर सगळं वजन त्याच्यावर येऊ देऊ नका, बाजूने ब्लॉकला लाकडं द्या. आणि ते टायर वर्षभर घरामागे पडलेले असतील तर उचलायच्या आधी काठीने बडवून घ्या, पावसात फुरसं आत बसलेलं असतं.

दोन इंजिनं शेजारी शेजारी

घाई करणारे इथे जुनं इंजिन लगेच भंगारवाल्याला देतात. थांबा. माउंटिंगचे ब्रॅकेट तेच आहेत का, चेंबरचा खोलगट भाग पुढे आहे का मागे, फ्लायव्हीलचे दाते सेल्फशी जुळतात का, बेल हाउसिंगची भोकं, डिझेल पंपाची बाजू, पंख्याची लांबी, सेन्सरचे आटे, हे सगळं टेपने मोजून बघा. बाजारात एकाच नावाने विकली जाणारी इंजिनं आतून-बाहेरून वेगळी असतात, टर्बोवालं आणि बिनटर्बोवालं तर बाहेरच्या पाइपांपासून वेगळं. जे जुळत नाही ते जुन्या इंजिनावरून काढून नव्यावर चढवायचं, म्हणून जुनं नवीन इंजिन चालू होईपर्यंत घरातच राहू दे.

मागचं ऑइल सील, क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलमधलं छोटं बेअरिंग, माउंटिंगची रबरं, वॉटर पंप, सगळे होज, हे आत्ताच बदला. नंतर यातल्या पाचशे रुपयांच्या सीलसाठी हेच सगळं परत सोडवावं लागतं.

इंजिन नसताना मोकळी दिसणारी चेसी वर्षानुवर्षं परत दिसणार नाही. वायरब्रश मारा, पुढच्या आडव्या मेंबरला आणि माउंटिंगच्या पट्ट्यांना भेग आहे का बघा, हातोडीने ठोकून बघा, भसभशीत आवाज आला तर वेल्डरला बोलवा. मग गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, रेड ऑक्साइडचे दोन हात. जून-जुलैत वाळायलाच वेळ लागतो, ओल्यावर मारलात तर दिवाळीपर्यंत पापुद्रे निघतील.

नवीन इंजिनाची उघडी तोंडं टेप आणि प्लास्टिकने बंद ठेवा. या हवेत फ्लायव्हीलच्या उघड्या तोंडावर एका रात्रीत तांबूस पडतं, तेव्हा ऑइलचा हलका हात फिरवा आणि क्लच चढवायच्या आधी पेट्रोलने स्वच्छ पुसा. ताडपत्री थेट इंजिनावर घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो, वरून तंबूसारखी सोडा, खालून हवा खेळू दे.

जुनं शेवटी भंगारात द्याल तेव्हा त्याच्या नंबरचा स्पष्ट फोटो काढून ठेवा आणि भंगारवाल्याकडून इंजिन नंबर घातलेली पावती घ्या, तो कुरकुर करेल, तरी घ्या, आणि आरटीओच्या फाइलमध्ये नवीन बिलासोबत लावून ठेवा.